ख्रिस्ती मठजीवन : मोंटे कसीनो ते पंचहौद

पंचहौद म्हटले की पुणेकराला चहा आठवतो. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली, व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली, कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोश्यांनी त्या मंडळींची नावे ‘पुणेवैभवा’त छापून आणली आणि जे ग्रामण्य उठले ते थेट शंकराचार्यांच्या कमिशनपर्यंत जाऊन पोचले. टिळक त्यात होते. ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्यानांचा पायंडा पाडला ते न्यायमूर्ती रानडेही त्यात होते. त्या चहावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी प्रायश्चित्त घेतले, कोठे घेतले, ते खरे की खोटे, ह्याचा काथ्याकूट झाला आहे. परंतु चहा देणारे कोण होते, हा प्रश्न आमच्याकडे फारसा कोणी विचारीत नाही.

‘पाद्री होते,’ एवढे उत्तर पुरेसे वाटते. ते पुरेसे नाही. पाद्री म्हणजे बायकामुलांसह बंगल्यात राहणारा, मिशनचा पगार घेणारा गोरा माणूस, असे जे चित्र त्या काळच्या पुणेकराच्या मनात होते, त्यात पंचहौदचे हे लोक बसत नव्हते. तेथले ‘फादर’ अविवाहित होते. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावी १८६६ साली स्थापन झालेल्या एका संघाचे ते सभासद होते आणि त्यांच्या नावावर स्वतःची अशी कवडी नव्हती. तेथल्या ‘सिस्टर’ वाँटेज गावच्या मठातून १८७७ साली पुण्यास आल्या होत्या. त्यांनीही आजन्म अविवाहित राहण्याचे, काही न बाळगण्याचे आणि वरिष्ठांची आज्ञा पाळण्याचे व्रत घेतले होते. ठरल्या वेळी घंटा वाजे आणि हातातले काम टाकून ही माणसे प्रार्थनेस जात. गुरुवार पेठेत, वाड्यांच्या आणि हौदांच्या शेजारी, एक ख्रिस्ती मठ नांदत होता. ही रीत आली कोठून? आणि ती पुण्यात आल्यावर तिचे काय झाले? आज आम्हांस बोलावयाचे आहे ते ह्या दोन प्रश्नांवर. त्यासाठी थोडे लांबून, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधून, यावे लागेल.

ख्रिस्ती संन्यासाचा आरंभ युरोपात झालेला नाही. तो नाईल नदीच्या काठी झाला. इ. स. २५१ च्या सुमारास जन्मलेला अंतोनी नावाचा एक सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा. आईबाप वारले, जमीनजुमला हाती आला. एके दिवशी देवळात असता, सर्वस्व विकून गोरगरिबांना वाटून टाक, हा येशूचा उपदेश त्याच्या कानी पडला आणि त्याला वाटले की हे आपल्यालाच उद्देशून आहे. त्याने शेते देऊन टाकली, धाकट्या बहिणीची सोय व्रतस्थ कुमारिकांकडे लावून दिली आणि प्रथम गावाबाहेर, मग थडग्यांत, मग पार वाळवंटात तो जाऊन राहिला. ३५६ साली तो वारला तेव्हा त्याचे वय एकशे पाच होते असे त्याचा चरित्रकार अथनेशियस सांगतो. हे चरित्र लवकरच लॅटिनमध्ये गेले आणि त्याने युरोपातील तरुणांची घरे सोडविली.

हे त्याच काळी का घडावे? एक कारण असे की ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माचा छळ थांबविला. काल ज्या धर्मासाठी सिंहापुढे जावे लागे, तो धर्म आज सरकारदरबारी मान मिळवून देऊ लागला. ज्यांना धर्मासाठी मरण्याची हौस होती त्यांना मरण मिळेना, म्हणून त्यांनी जिवंतपणीच जगाला मरण्याचा मार्ग शोधला. दुसरे कारण अधिक ऐहिक आहे. आपल्याकडे सारा डोईजड झाला की रयत गाव सोडून परागंदा होई. इजिप्तमध्येही तसेच होई, आणि त्या परागंदा होण्याला ग्रीक भाषेत जो शब्द होता तोच पुढे ह्या एकांतवासी साधूंना लागला. संन्यास आणि सरकारदेणे चुकविणे ह्यांची सुरुवात एकाच शब्दात व्हावी, ही गोष्ट श्रद्धावंतांस कदाचित रुचणार नाही, परंतु ती खरी आहे. अर्थात अंतोनी देणे चुकवून पळालेला नव्हता. त्याने आपले होते नव्हते ते वाटून टाकले होते.

एकट्याने राहण्यातला धोका इजिप्तच्या लोकांना लवकर कळला. एकांतात राहणारा मनुष्य कोणाचेच ऐकत नाही. तो आज उपास करील, उद्या त्याहून कडक उपास करील, आणि परवा त्याला आपल्या उपासाचा अभिमान वाटू लागेल. ह्या रोगावरचा उपाय पाखोमियस ह्याने काढला. हा मूळचा रोमन फौजेत सक्तीने भरती केलेला शिपाई. कोंडून ठेवलेल्या रंगरुटांना अनोळखी ख्रिस्ती लोकांनी अन्न आणून दिले, त्या दयेने तो विरघळला आणि सुटका झाल्यावर ख्रिस्ती झाला. त्याने तबेन्नीसी गावी एका कुसाच्या आत अनेकांना एकत्र राहावयास लावले. एकत्र जेवण, एकत्र प्रार्थना, चटया विणण्यासारखे हाताचे काम, आणि सर्वांवर एक नियम. ३४६ च्या सुमारास तो वारला तेव्हा त्याच्या आज्ञेत पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ होते. शिपायाने मठ काढला आणि त्याला छावणीची शिस्त लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे पुण्याच्या श्रोत्यास भाजे-कार्ले आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते योग्यच आहे. अंतोनीच्या जन्मापूर्वी चारशे वर्षांपासून सह्याद्रीच्या कड्यांत भिक्षूंचे विहार कोरले जात होते. भाज्याच्या विहारात भिक्षूंनी निजावे म्हणून कोरलेले दगडी ओटे आजही हात लावून पाहता येतात. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे आहेत. तेव्हा मठाची कल्पना येथूनच तिकडे गेली असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. आम्हांस तो मोह आवरावासा वाटतो. व्यापारी जात-येत होते हे खरे, परंतु व्यापाऱ्याच्या जहाजातून मिरी जाते तसा विनय जात नाही. शिवाय दोहोंकडची निकड निराळी होती. आपल्याकडे भिक्षूने सदा फिरत राहावे हा मूळ नियम, आणि पावसाळ्यात फिरता येत नाही म्हणून वर्षावासासाठी त्याला एका जागी बसावे लागले. त्या बसण्यातून विहार निघाले. इजिप्तमध्ये पावसाचा प्रश्न नव्हता, तेथे एकट्याच्या अहंकाराचा प्रश्न होता.

आता युरोपकडे वळू. तेथे ही लाट चौथ्या शतकात पोचली. तूरचा मार्टिन हाही एक शिपाई. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला अशी कथा आहे, आणि पुढे राजांनी तो झगा ज्या देवघरात जपला त्या देवघराला झग्याच्या लॅटिन नावावरून ‘चॅपेल’ हा शब्द मिळाला. मार्टिनने ३६१ च्या सुमारास गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, मठ काढला. पुढे तो तूरचा बिशप झाला तरी नगराबाहेर लुआर नदीकाठच्या कड्यात शिष्यांसह राहिला. ते शिष्य कड्यात खोदलेल्या गुहांत राहत. इजिप्त प्रत्यक्ष पाहून आलेल्या कॅसियनने पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेलला दोन मठ स्थापिले आणि वाळवंटातल्या साधूंच्या गोष्टी लॅटिनमध्ये लिहून ठेवल्या. त्या गोष्टी पुढे शतकानुशतके मठामठांतून वाचल्या गेल्या.

परंतु वाळवंटातले सर्वच युरोपच्या हवेला मानवले नाही. तूरचा इतिहासकार ग्रेगरी ह्याने सहाव्या शतकातील एक हकीगत नोंदविली आहे. सीरियात सिमियन नावाचा साधू खांबावर उभा राहून तीसहून अधिक वर्षे तप करीत होता, त्याची कीर्ती ऐकून वुल्फिलाइक नावाच्या एकाने गॉलच्या उत्तर सीमेवर खांब उभारला आणि तोही त्यावर चढला. हिवाळा आला. थंडीने त्याच्या पायांची नखे गळून पडली, दाढीवर बर्फाच्या कांड्या लोंबू लागल्या. तो तसाच उभा राहिला. शेवटी बिशप मंडळी आली आणि म्हणाली, तू सिमियन नव्हेस आणि हा सीरिया नव्हे, खाली उतर. तो उतरला. मग एका बिशपाने त्याला दुसऱ्या गावी बोलावून घेतले आणि पाठीमागे माणसे घालून खांब फोडून टाकला. परत येऊन तुकडे पाहिल्यावर वुल्फिलाइक ढसाढसा रडला, परंतु खांब पुन्हा उभारला नाही. वरिष्ठांची आज्ञा मोडू नये म्हणून नाही उभारला, असे त्यानेच ग्रेगरीला सांगितले.

ही हकीगत आम्हांस फार मोलाची वाटते. युरोपातील मठजीवनाचे सगळे मर्म तिच्यात आहे. थंडीत खांबावर उभे राहणे ही तपश्चर्या खरी, पण खाली उतरणे ही त्याहून अवघड तपश्चर्या, असे तेथल्या धर्माने ठरविले. बिशपांनी बरे केले की वाईट, ह्यावर मतभेद होऊ शकेल. आम्हांस खांब फोडणाऱ्याचा थोडा रागच येतो.

ह्या विचाराला कायमचे रूप दिले ते बेनेडिक्टने. ४८० च्या सुमारास इटलीतील नर्सिया गावी तो जन्मला आणि ५४७ च्या सुमारास वारला. रोम येथे शिकावयास गेला, तेथली राहणी पाहून विटला आणि सुबियाको येथील एका गुहेत तीन वर्षे एकटा राहिला. शेजारच्या एका मठातील लोकांनी त्याला आपला प्रमुख केले, आणि त्याची शिस्त सोसवेना तेव्हा त्याच्या मद्यात विष कालविले. त्याने आशीर्वादाची खूण करताच पेला फुटला, अशी कथा पोप ग्रेगरीने सांगितली आहे. चमत्कार सोडून दिला तरी उरते ते बोलके आहे. ज्यांनी गुरू म्हणून बोलावले त्यांनीच विष दिले. आज्ञा पाळणे हे त्या काळीही कोणाला सोपे गेले नव्हते. पुढे ५२९ च्या सुमारास त्याने मोंटे कसीनोच्या डोंगरावर मठ बांधला. हे नाव आपल्याकडच्या जुन्या लष्करी मंडळींना मठामुळे नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धामुळे ठाऊक असे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो मठ जमीनदोस्त केला, आणि त्याच डोंगराच्या उतारावर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान लढले व पडले. मठ युद्धानंतर पुन्हा बांधला गेला.

बेनेडिक्टने लिहिलेली नियमावली ७३ प्रकरणांची आहे. ती सर्वस्वी त्याच्या डोक्यातून निघालेली नाही. त्याच्या आधीची, कर्त्याचे नाव नसलेली आणि तिच्या कितीतरी पट लांब अशी एक नियमावली त्याच्यापुढे होती, हे विसाव्या शतकातील संशोधकांनी दाखविले. बेनेडिक्टने ती छाटली आणि पुष्कळ ठिकाणी मऊ केली. जेवणात शिजविलेले दोन पदार्थ असावेत, म्हणजे एक न चालणाऱ्याला दुसरा खाता येईल. साधूंना मद्य योग्य नव्हे, परंतु आजकालच्या साधूंना ते पटत नाही, म्हणून रोजचे एक माप ठरवून द्यावे. आठवड्यात दीडशेही स्तोत्रे म्हणून व्हावीत. रोज काही तास हाताचे काम, काही तास वाचन. पाहुणा दाराशी आला तर ख्रिस्तच आला असे समजून त्याला घ्यावे. कोणाजवळ स्वतःचे असे काही नसावे, लेखणीसुद्धा नसावी. आणि जो एका मठातून दुसऱ्या मठात तीन-तीन दिवसांचा पाहुणचार झोडीत जन्मभर हिंडतो तो सर्वांत वाईट साधू. म्हणून मठात येणाऱ्याने त्याच मठात मरेपर्यंत राहण्याचे वचन द्यावयाचे. आपल्या महानुभावांना चक्रधरांनी सदा फिरत राहा म्हणून सांगितले, आणि बेनेडिक्टने सांगितले की हलू नका. दोघांचाही रोख आसक्ती तोडण्यावरच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु ह्या नियमावलीचा कणा म्हणजे आज्ञापालन. मठाधिपती हा ख्रिस्ताच्या जागी. त्याचा शब्द पडताच हातातले काम अर्धे टाकून उठावे. हे कठोर वाटेल, पण बेनेडिक्टने दुसरी बाजूही पाहिली आहे. महत्त्वाचे काम निघाले तर मठाधिपतीने सर्वांना बोलावून सल्ला घ्यावा, अगदी लहानालाही विचारावे, कारण अनेकदा देव लहानाच्या तोंडून अधिक चांगले सुचवितो. आणि अशक्य वाटणारी आज्ञा झाली तर? तर शिष्याने नम्रपणे, योग्य वेळ पाहून, आपल्याला हे का जमत नाही ते सांगावे. एवढे सांगूनही वरिष्ठ आपल्या म्हणण्यावर कायम राहिला तर देवावर भरवसा ठेवून आज्ञा पाळावी. म्हणजे बोलण्याचा अधिकार शिष्याला, शेवटचा शब्द गुरूचा. हे अडुसष्टावे प्रकरण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ह्याचाच प्रश्न तेराशे वर्षांनी एका मराठी बाईने उभा केला.

स्त्रियांच्या मठांत हा प्रश्न फार पूर्वीच पेटला होता. राडेगुंड ही फ्रँकांची राणी. नवऱ्याने तिच्या भावाचा वध करविला तेव्हा ती राजवाडा सोडून गेली आणि पॉयतिये येथे तिने स्त्रियांचा मठ काढला. ५८७ साली ती वारली. दोनच वर्षांत त्या मठातील क्लोटिल्ड नावाच्या राजकन्येने चाळीसावर बायकांसह बंड केले. मठाधिपतीण आम्हांला राजाच्या मुलींसारखे नव्हे, तर दासींच्या पोरींसारखे वागविते, ही तिची तक्रार. प्रकरण भाडोत्री गुंडांपर्यंत आणि शेवटी बिशपांच्या न्यायासनापर्यंत गेले. क्लोटिल्डच्या बाजूला फारसे काही नव्हते. तिला सत्तेची हौस होती, विवेकाची टोचणी नव्हती.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. आयर्लंडच्या साधूंनी ५६३ साली आयोना बेटावर आणि नंतर फ्रान्स-इटलीपर्यंत मठ नेले. पोप ग्रेगरीने पाठविलेले साधू ५९७ साली इंग्लंडात उतरले. शार्लमेनच्या मुलाच्या कारकिर्दीत, ८१७ च्या सुमारास, बेनेडिक्टची नियमावली साम्राज्यातील मठांना लागू करण्याचा यत्न झाला. साधूंनी जंगले तोडली, ग्रंथांच्या नकला केल्या, शाळा चालविल्या. दानात जमिनी आल्या, जमिनींबरोबर कुळे आली, आणि एकेकट्याजवळ लेखणी नसलेले साधू सामुदायिकरीत्या मोठे जमीनदार बनले. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० ह्या चार वर्षांत सगळे मठ मोडून त्यांची मालमत्ता खालसा केली. त्याच सुमारास पोर्तुगिजांबरोबर आलेले फ्रान्सिस्कन साधू वसईच्या मुलुखात पाय रोवीत होते. त्यांनी बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्याचे चर्च केले आणि वर मठाची इमारत बांधली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि त्या भागातील त्यांची सद्दी संपली. मंडपेश्वराच्या भिंतीवर कोरलेला क्रूस मात्र अजून आहे, आणि लेण्याच्या आत शिवपार्वतीही आहेत.

इंग्लंडात मठ मोडल्यावर जवळजवळ तीनशे वर्षे तेथल्या चर्चमध्ये मठ म्हणून नव्हता. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या काही विद्वानांना प्राचीन धर्माची ओढ लागली आणि त्यातून नवे मठ निघू लागले. वाँटेजचा मठ १८४८ चा. तेव्हा १८७७ साली ज्या सिस्टर पुण्यास आल्या त्या एका अतिप्राचीन परंपरेच्या खऱ्या, परंतु त्यांचा स्वतःचा मठ होता अवघ्या एकोणतीस वर्षांचा. नव्याने परत मिळविलेल्या गोष्टीला मनुष्य अधिकच घट्ट धरतो. ह्या बाया आज्ञापालनाविषयी इतक्या काटेकोर का होत्या, हे त्यामुळे थोडे समजते.

पंचहौदच्या मठाशी ज्यांचे नाते जडले अशा मराठी माणसांत पहिले नाव नीलकंठशास्त्री गोरे ह्यांचे. कोकणस्थ घराणे, वाढ काशीत. पाद्र्यांना वादात हरविण्यासाठी ख्रिस्ती ग्रंथ वाचू लागले आणि १८४८ साली नेहेम्या हे नाव घेऊन स्वतःच ख्रिस्ती झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा हिंदी ग्रंथ त्यांनी लिहिला. पुढे काउलीच्या संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे उमेदवारी एक वर्षाची. गोऱ्यांनी अंतिम व्रत कधीच घेतले नाही. संघाच्या छत्राखाली ते पुण्यामुंबईस राहिले, साधूच्या साधेपणाने राहिले, आणि १८९५ साली उमेदवारच वारले. जन्मभर शंकांनी पोळलेला हा माणूस. ख्रिस्तावर त्याची श्रद्धा होती, परंतु स्वतःला कायमचे बांधून घेणारे वचन त्याच्या तोंडून निघाले नाही. ह्याला कोणी दुबळेपणा म्हणेल. आम्हांस ह्यात एका शास्त्र्याची प्रामाणिक अडचण दिसते. पूर्वपक्ष संपल्याखेरीज सिद्धान्त बोलावयाचा नाही, ही त्याची जन्माची सवय.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. १८८२ साली पुण्यात असताना त्यांची ह्या सिस्टरांशी ओळख झाली. दुसऱ्या वर्षी त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या. भारतात येणाऱ्या सिस्टरांना भाषा शिकवावी आणि मोबदल्यात इंग्रजी शिकावे, अशा बोलीने त्या वाँटेजच्या मठात उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तेथेच बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हाहाकार झाला. पण मठातल्या मंडळींचा आनंदही फार टिकला नाही. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, येशूच्या जन्माविषयीचे मत पटेना, आणि पटत नाही ते पटले म्हणून सांगणे त्यांना जमेना. गळ्यात घालावयास दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यांनी ती नाकारली. आपल्याला लॅटिन येत नाही, आपल्या बंधुभगिनींनाही येत नाही, मग संस्कृत अक्षरे का नसावीत? चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, ह्यावर हिंदुस्थानातील बिशपांनी नकार कळविला. तेव्हाही त्यांनी विचारले की हे ठरविणारे बिशप कोण?

हा सर्व पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन ह्यांनी जपून ठेवला, आणि १९७७ साली तो पुस्तकरूपाने निघाला. रमाबाई ह्या सिस्टरांना ‘आजीबाई’ म्हणत. वाद विकोपाला गेला असतानाही पत्राच्या आरंभी आजीबाईच असे. जेराल्डिनबाईंचे म्हणणे असे की आज्ञापालनाशिवाय श्रद्धा नाही आणि रमाबाईंच्या अंगी गर्व आहे. रमाबाईंचे म्हणणे असे की देवाचे वचन पाळणे निराळे आणि धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द पाळणे निराळे. भटभिक्षुकांचे जोखड आताच कुठे मानेवरून उतरविले आहे, त्या जागी दुसरे तसलेच जोखड घ्यावयास आपण तयार नाही, असे त्यांनी स्वच्छ कळविले. म्हणजे त्या अडुसष्टाव्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे नम्रपणे कारणे सांगून थांबल्या नाहीत. शेवटचा शब्दही त्यांनी आपल्याकडे ठेवला.

ह्यात चूक कोणाची? मराठी वाचक बहुधा रमाबाईंची बाजू घेतो आणि आम्हीही घेतो. परंतु जेराल्डिनबाईंना खलनायिका करणे अन्यायाचे होईल. वुल्फिलाइकला खांबावरून उतरविणाऱ्या बिशपांची जी काळजी, तीच त्यांची होती. एकटा माणूस स्वतःच स्वतःचा गुरू झाला तर तो कोठे जाऊन आदळेल ह्याचा नेम नाही, हा मठाचा सोळाशे वर्षांचा अनुभव त्या बोलून दाखवीत होत्या. फरक इतकाच की इकडे खांबावर उभी असलेली बाई थंडीने गोठणारी नव्हती.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन काढले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आणले, आणि पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलीबायकांना गोळा करून केडगावी मुक्ती वसविली. ती कोणी आज पाहील तर त्याला मौज वाटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दोन हजारांच्या घरात स्त्रिया होत्या. प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या, हाताची कामे वाटून दिलेली, माग, तेलाचा घाणा, स्वतःचा छापखाना, विहिरी, शेती. बेनेडिक्टने सांगितले होते की पाणी, गिरणी, बाग हे सारे मठाच्या कुंपणाच्या आत असावे. केडगावच्या माळावर ते सारे कुंपणाच्या आत होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथल्याच बायकांनी जुळवून छापले, आणि त्याचे काम हातावेगळे करून रमाबाई १९२२ च्या एप्रिलात वारल्या. मठाची आज्ञा ज्या बाईने नाकारली तिने मठ वसविला. तेथे तिची स्वतःची आज्ञा किती कडक चालत असे, हा वेगळा विषय आहे. तिच्या शब्दाला केडगावात अपील नव्हते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

तिसरा धागा कवी नारायण वामन टिळकांपासून निघतो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात असावेत, ही त्यांची कल्पना. बायकोमुलांसह संन्यास ही गोष्ट बेनेडिक्टला समजली नसती, परंतु एकनाथ-तुकारामांच्या मुलुखात ती अगदीच परकी नव्हती. वारकऱ्याने मठाशिवाय देव गाठला होता. दोन वर्षांतच टिळक वारले आणि दरबार मोडला. त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे विन्स्लो हे इंग्रज पाद्री अहमदनगरकडे काम करीत. त्यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. खादीचे वस्त्र, शाकाहार, जमिनीवर मांडी घालून जेवण, देशी चालीवरची भजने. इंग्रज आणि हिंदी बंधूंनी एकत्र, एका पंक्तीत राहावयाचे. १९२८ च्या सुमारास संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला झाला.

इंग्लंडहून १९२७ साली जे तरुण ह्या संघात आले त्यांत व्हेरियर एल्विन होते. जानेवारी १९२८ मध्ये ते साबरमतीस गेले आणि गांधीजींनी त्यांना जिंकले. बिशपाच्या मुलाने काँग्रेसची बाजू उघडपणे घ्यावी हे सरकारला रुचले नाही आणि चर्चलाही रुचले नाही. पुन्हा तोच प्रश्न आला : आज्ञा कोणाची? १९३१ च्या अखेरीस एल्विन संघातून बाहेर पडले आणि संघातलेच मराठी सोबती शामराव हिवाळे ह्यांच्यासह मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये जाऊन राहिले. नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मकार्याचा परवाना दिला नाही, आणि काही वर्षांनी एल्विननी चर्चच सोडले. इकडे संघातही मतभेद झाले. ब्रह्मचारी बंधूंचाच संघ असावा की गृहस्थांनाही त्यात जागा असावी, ह्यावरून १९३४ साली त्याची दोन शकले झाली. पुण्याचा आश्रम ब्रह्मचाऱ्यांच्या ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघा’कडे राहिला. स्वातंत्र्यानंतर हळूहळू बंधू कमी होत गेले आणि जागा रिकामी पडू लागली.

त्या आश्रमाचे दार पुन्हा उघडले ते १९७२ च्या सुमारास, आणि ह्या वेळी स्त्रियांनी ते उघडले. रोमन कॅथलिक पंथाच्या सिस्टर वंदना आणि सारा ग्रँट, आणि त्यांच्या जोडीला अँग्लिकन पंथाच्या सिस्टर, अशा दोन पंथांच्या संन्यासिनी एका छपराखाली राहू लागल्या. सिस्टर वंदना मूळच्या मुंबईच्या पारशी घराण्यातल्या, आणि सारा ग्रँट शंकराचार्यांच्या अद्वैताच्या अभ्यासक. आश्रमात त्या जमिनीवर बसून प्रार्थना करीत, आणि त्या प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदांतील संस्कृत मंत्रही असत. त्यांच्या सोबतीच्या अँग्लिकन सिस्टर वाँटेजच्या मठातल्या होत्या.